मासळीवर दूध

रत्नागिरीच्या दवाखान्यात नंबर यायची वाट बघत मी बाकावर नामजप करत बसले होते. शेजारी मिरकरवाड्याकडची एक सासू आणि तिची सात महिन्यांची गरोदर सून बसली होती. मागच्या तपासणीला डॉक्टरांनी बाळाची वाढ कमी आहे म्हणून सांगितलं होतं.

"आई, डॉक्टरांनी गाईचं दूध रोज घ्यायला सांगितलंय. बाळाची हाडं त्यावर होतात म्हणे."

"मग देतेय ना गो मी."

"सोमवारी, गुरुवारी नि शनिवारी. उपासाला."

"बाकीच्या दिवशी घरात मासळी असते. मासळीवर दूध घेतलंस तर पोराच्या अंगावर कोड उठेल."

"डॉक्टर म्हणाले, मासळी पण रोज खा."

"तो देशावरचा. त्याला मासळीतलं काय कळतंय?"

"पण पोटातल्याला काय ठाऊक, आज सोमवार की बुधवार?"

"हां, ते पण खरं. असं कर, तुझे उपास मी धरते. तू रोज मासे खा."

"आणि दूध?"

"दूध उपासाचं. म्हणजे ते... माझ्याकडे आलं."

"मग बाळाच्या हाडांना काय?"

"थांब गो, डोकं फिरवू नको. दुपारी मासे, रात्री दूध. मधे एवढा वेळ गेल्यावर चालत असेल."

"सोमवारी पण?"

"सोमवारी उपास... तो तर मी..."

"आई, बाळ होईस्तोवर घरात उपासच नको."

"हळू बोल. त्या बाई जप करतायत."

मी डोळे मिटून घेतले, पण नाम कुठवर आलं होतं ते काही केल्या आठवेना.