पुढारी पणजोबा

आमच्या नातजावयांना बारामतीत सगळे हसतात, पण त्यांचा नाद काय सुटत न्हाय. सव्वाशे-दीडशे वर्षांमागं विलायती सिगारेटच्या पाकिटात पुढाऱ्यांच्या चित्राची कार्डं निघायची, ती ते जमवतात. पितरांच्या जेवणाला अंथुर्ण्याला आमच्या घरी आले आन् भिंतीवरच्या हार घातलेल्या चिमुकल्या फोटोपुढं थबकलेच.

“आजी, हे कोण?”

“आमच्या ह्यांचं पणजोबा. लई मोठं पुढारी व्हतं, सासूबाई सांगायच्या.”

“पुढारी खरे, पण विलायतेचे. माझ्याकडं एवढंच कार्ड कमी आहे. द्याल?”

जावयाला न्हाय कसं म्हणायचं? म्हटलं, “कावळा शिवू द्या, मग न्या.”

छपरावर पान ठेवलं. दरवर्षी लगेच शिवणारा कावळा त्या दिवशी नुसता बघत बसला. घरातली सगळी उपाशी. मी म्हटलं, “जावईबापू, त्यांना जायचं न्हाय. तुमीच शब्द द्या.”

बिचाऱ्यांनी हात जोडले. “पणजोबा, तुम्ही इथंच राहा. मी नेत नाही.”

कावळा शिवला.

मी म्हटलं, “बघा. विलायतेचं असतं, तर त्यांना मराठी कळलं असतं व्हय?”