पेशींचा मुकादम

शिलाई मशीन विकून वर्ष झालं, तरी शिंपीणबाईंची नजर अजून लोकांच्या शिवणीवरच जायची. रक्ततपासणीसाठी नंबर लावून बसल्या, तर पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्याची कॉलर उसवलेली दिसली. शेजारी त्याची भाची होती, कुठल्याशा प्रयोगशाळेत कामाला असलेली.

"तर मामा, ही पेशी आधी कोरी असते. तिच्यातलं एक जनुक मुकादमासारखं सांगतं, तू शिपाई हो, रोगाशी लढ."

"एकदा सांगितलं की मुकादम सुटला!"

"छे हो! जन्मभर सांगत राहावं लागतं. आम्ही उंदरांमधला तो मुकादम काढून टाकला, तर चांगली कर्तीसवरती पेशी पुन्हा कोरी झाली."

"म्हणजे मेली?"

"जगते की. फक्त आपण कोण, ते विसरते."

"तुझी मामी होती तोवर दिवसभर 'अहो, अहो' करायची. वैताग यायचा बघ."

"मामा..."

"बरं, मुकादम परत आणला तर?"

"तर पुन्हा शिपाई होते."

"पेशींचं बरं आहे बाई."

तेवढ्यात शिंपीणबाईंचा नंबर लागला. रक्त काढणाऱ्या पोरीने सुई टोचता टोचता विचारलं, "काय काम करता मावशी?"

"शिवते."

"अय्या! मला असा पांढरा कोट शिवून द्याल?"

"न द्यायला काय झालं? उद्याच आण कापड," असं म्हणत शिंपीणबाई मोकळ्या हाताच्या वितीने तिचा खांदा मोजू लागल्या.