भावाच्या एडक्यावर घेतलेला बयाना

माझ्या थोरल्या भावाचा एडका मी त्याला न इचारता इकला. एकदा नाय, दोनदा. दोन वेगळ्या व्यापाऱ्यांना, एकाच आठवड्यात, एकाच फोटोवर. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी कितीबी शहाण्यासारखा बोललो तरी तुम्ही फसायचे नाय.

आम्ही सोयगावकडचे धनगर. बापाची सव्वाशे मेंढरं व्हती आणि आम्ही दोन पोरं, आणि बापाला मेंढरांची नावं पाठ, आमची इसरायचा. हाताचा लई मोकळा माणूस, म्हणजे मारायला मोकळा. कोकरू लंगडलं तर काठी, पाणी सांडलं तर काठी, आणि काहीच झालं नाय तर उद्यासाठी म्हणून काठी. एकदा लांडगा वाघरीत शिरला, वाघूर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, आणि त्यानं सात मेंढरांचे गळे फाडले. खाल्लं एकच, बाकीची नुसतीच फाडली. बापानं त्या लांडग्याला काठीनं ठेचला, मेला तरी ठेचत राहिला, पार चिखल केला, आणि मग तीच रगताची काठी घेऊन आमच्याकडं वळला, राखण कोणाची व्हती? राखण माझी व्हती. मी झोपलो व्हतो. दादा म्हणाला, माझी. त्या दिवशी बापानं दादाच्या कानशिलात अशी हाणली की डाव्या कानानं त्याला आजबी नीट ऐकू येत नाय. तो मार माझा व्हता, त्यानं खाल्ला. हे मी तुम्हाला रडवायला सांगत नाय, तर एडका कसल्या माणसाचा इकला ते कळावं म्हणून सांगतो.

दहावीनंतर मी पळालो. संभाजीनगरला आलो, तवा औरंगाबादच व्हतं, गुलमंडीत कापडाच्या दुकानात लागलो. गाठोडी उचलायची, कापडाचा ताका उलगडायचा, बायकांनी पंचवीस साड्या बघून सव्विसावी मागितली की हसायचं. लगीन झालं, सुमन आली, भाड्याची खोली झाली. दादा गावाकडंच मेंढरांमागं. मी सणाला गेलो की तो मला मटण खाऊ घालायचा आणि मी त्याला सांगायचो, दादा, जग कुठल्या कुठं गेलं, तू मेंढरांमागंच राह्यला. तो नुसता हसायचा.

आता त्या पुस्तकाचं सांगतो. आमच्या शेठचा जावई शेअरबाजाराच्या कसल्या शिकवणीला जायचा, ऑप्शन का काय म्हणतात त्याच्या. तिथं त्यांना एक जाड पुस्तक मिळालं व्हतं, आपल्या मराठीतलं, शाळेतल्या व्यवसायमालेसारखं. धडा वाचायचा, खाली रिकाम्या जागा भरायच्या, उत्तरं शेवटच्या पानांवर. एक दिवस जावई सगळे पैसे बुडवून दुकानात आला, तोंड लालबुंद, आणि त्यानं ते पुस्तक भिंतीवर असं आपटलं की पुठ्ठा फाटला, मग त्याच्यावर पाय दिला, मग शेठनं त्याला थोबाडीत दिली. सगळं गिऱ्हाइकांसमोर. शहाण्या माणसाला पुस्तकाबद्दल तेवढं कळलं तरी पुरं. मी काय केलं? उचललं, पुसलं, घरी नेलं.

आणि काय सांगू तुम्हाला, मला ते कळायला लागलं! आधी मी मागची उत्तरं बघायचो, मग पुढं रिकाम्या जागा भरायचो, मग लाल पेनानं मीच मला दहापैकी दहा द्यायचो. पण उत्तरं राहू द्या, गोष्टच कळली. त्यात लिवलं व्हतं, कॉल म्हणजे ठरलेल्या भावात, ठरलेल्या तारखेपर्यंत माल घ्यायचा हक्क. घेणारा त्या हक्काचे थोडे पैसे आधी देतो. भाव चढला तर तो येतो आणि जुन्या भावात माल नेतो. भाव पडला तर येत नाय, आणि ते थोडे पैसे इकणाऱ्याचे. मी वाचता वाचता उठून उभा राह्यलो. अहो, हा तर बयाना! आमच्या बाजारात व्यापारी एडक्यावर हात ठेवतो, बयाना देतो, म्हणतो अमुक दिवशी नेतो. नाय आला तर बयाना धनगराचा. आला तर मात्र बाजार आभाळाला जाऊ दे, धनगरानं ठरल्या भावातच द्यायचा. माझा आजा हेच करत व्हता, आणि लोक त्याच्यासाठी फी भरतात! मी सुमनला उठवून सांगितलं. ती म्हणाली, मग आज्याचं घर का पत्र्याचं व्हतं?

एकविसाव्या पानावर इकणाऱ्याची रेघ काढली व्हती, फायदा किती न् तोटा किती. डावीकडं रेघ सरळ, सुखात चाललेली, म्हणजे बयाना खिशात. उजवीकडं ती खाली वळलेली, खाली, खाली, आणि पान संपलं तरी खालीच, पार कागदाच्या बाहेर. मला वाटलं, छपाई चुकली. आईच्यान, मला खरंच तसं वाटलं. खाली ठळक अक्षरात व्हतं, माल जवळ नसताना कॉल इकू नये. मी म्हणालो, माल नाय कसा, दादाजवळ हाय की.

शेअरबाजारात इकणारा व्हायचं तर खात्यात लाखांनी पैसे ठेवावे लागतात. माझ्या खात्यात बँकेचे मेसेज तेवढे यायचे. म्हणून मी धडे मेंढरांवर गिरवले. दिवाळीनंतर दादाच्या दोन एडक्यांचे फोटो फोनवर फिरवले, बयाना घेतला, भाव पडला, घेणारा आलाच नाय. पैसे माझे. परत केलं, परत माझे. दादाला पत्ता नाय. सुमनला साडी आणली. ती म्हणाली, दादांना सांगितलं का? मी म्हणालो, पुस्तकात भावाला सांगायचं कुठंच लिवलं नाय.

मग बकरी ईद जवळ आली आणि मी सरदारला हात घातला.

सरदार म्हणजे दादाचा एडका. आई मेलेलं कोकरू, दादानं बाटलीनं दूध पाजलं, आपल्या घोंगडीत घेऊन झोपवलं. तीन वर्षांत असा झाला की शिंगांचे दोन दोन पीळ, छाती म्हणजे कपाट. दादा त्याला इकणार नाय हे सगळ्या तालुक्याला ठाऊक. त्याचाच फोटो मी शहरातल्या सलीमभाईला पाठवला. सलीमभाई जुना व्यापारी, जबानीचा पक्का. वीस हजार भाव, दोन हजार बयाना, ईदच्या आठ दिवस आधीपर्यंत उचलायचा. तो म्हणाला, मियां, जानवर तुम्हारा है ना? मी म्हणालो, हौ, घर का है. दोन दिवसांनी सिल्लोडकडचा गंगाधर व्यापारी, त्यालाबी तोच फोटो, बावीस हजार, बयाना तीन. माझा हिशेब साफ व्हता. भाव पडणार, दोघंबी येणार नाय.

भाव पडला नाय. त्या साली अशी काही ओढ लागली की वीसचा एडका चाळीसला गेला. मला सकाळी दोघांचे फोन, आज गाडी घेऊन येतो. मी दुकानात पोट दुखतं म्हणून सांगितलं आणि मोटारसायकल सोयगावकडं हाणली. इचार असा, की ते यायच्या आत सरदारला कुठंतरी लपवू. चाळीस हजाराचा एडका कुठं लपवतात हा धडा त्या पुस्तकात नव्हता.

दादा मेंढरं घेऊन पाण्यावर गेलेला. सरदार दाव्याला बांधलेला, वहिनी भाकरी थापत व्हती. मी दावं सोडलं न् सोडलं तोच दोन टेम्पो, एकामागं एक. सलीमभाईनं डावं शिंग धरलं, गंगाधरनं उजवं. माझा हाय. मेरा है. छोड. तू सोड. गंगाधरनं टेम्पोतली चाक खोलायची लोखंडी टॉमी आणली आणि सलीमभाईच्या खांद्यावर घातली. सलीमभाई साठीचा माणूस, पण त्यानं गंगाधरची गचांडी धरली आणि कपाळ असं हाणलं की नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. रगताची धार सरदारच्या पांढऱ्या लोकरीवर. दोघं मातीत लोळले, एकमेकांचे केस, दाढी, जे हाताला येईल ते. मी कडंला उभा राहून म्हणतो, सबुरीनं घ्या, सबुरीनं घ्या. गंगाधरनं नाकावर हात धरून फोन काढला, हा बघ फोटो, मला दिलाय. सलीमभाईनं आपला फोन काढला. दोघांनी फोन शेजारी शेजारी धरले. मग दोघांनी मिळून माझ्याकडं बघितलं.

त्यांची तिथंच दोस्ती झाली. एकानं धरलं, एकानं मारलं, मग पाळी बदलली. दोन दात तिथंच पडले, तिसरा मी गिळला. मी सुटून पळालो तर सरदार मोकळा, त्याला वाटलं मी त्याच्या अंगावर येतोय, त्यानं चार पावलं मागं घेतली आणि बरगडीत असं डोकं दिलं की मी वहिनीच्या चुलीशी जाऊन पडलो. वहिनीनं भाकरी बाजूला सरकवली. मला नाय, भाकरीला वाचवलं.

मग दादा आला. दादा एरवी मोठ्यानं बोलतो, कानामुळं. त्या दिवशी हळू बोलला. म्हणाला, काय झालं? मी पडल्या पडल्या सगळं सांगितलं, पुस्तक, कॉल, बयाना. त्याला पुस्तकातलं काही कळलं नाय, बयाना कळला. त्यानं काठी उचलली. बाप मारायचा तेव्हा ओरडायचा. दादानं आवाज केला नाय. पाठ, मांड्या, नडगी. मी हात वर केला तर काठी हातावर बसली आणि कोपराच्या खाली हाड काडकन मोडलं. गंगाधर, ज्याचं नाक माझ्यापायी फुटलं, तोच म्हणाला, अहो, आता बास करा. वहिनी म्हणाली, मारा, पण डोक्यात नको, तिथं आधीच काही नाय.

दादा थांबला. घाम पुसला. मला इचारलं, आधी बयाना कोणाचा? मी म्हणालो, सलीमभाईचा. कितीत ठरला? वीसमधी. दादा उठला. सरदारच्या गळ्यातलं घुंगरू सोडलं, कपाळाला भंडारा लावला, दावं सलीमभाईच्या हातात दिलं. सलीमभाई एवढा तापलेला माणूस, पण तो मागं सरला. म्हणाला, भाई, तुम को तो मालूमच नहीं था, रहने दो, मेरा बयाना वापस दे दो, बस. दादा म्हणाला, आमच्या घरातल्या माणसानं सौद्यावर हात मारलाय. सलीमभाई म्हणाला, तो फिर चालीस लो. दादा म्हणाला, वीस ठरले. वीसच घेतले, बयान्याचे दोन कापून. सरदार टेम्पोत चढंना, मग दादानंच त्याला छातीशी धरून उचलून चढवला. टेम्पो वळला, एडका वरडत राह्यला, आणि दादा आमच्याकडं पाठ करून उभा. त्याची पाठ हालत व्हती. मार मला पडला व्हता, पण बघवत नव्हतं ते ती पाठ.

गंगाधरला दादानं भरपाई म्हणून माझ्या मोटारसायकलची किल्ली दिली. मला न इचारता. आता तक्रार कोणत्या तोंडानं करायची? तोंडात दातबी नव्हते.

हात वाकडा जुळला, हे बघा. गाठोडी उचलता येईनात, दुकान सुटलं. पुस्तक सुमननं बंबात घातलं, एकेक पान फाडून, प्रत्येक पानाला एक शिवी. सहा महिने मी घरी बसून तिच्या शिवणाच्या पैशावर खाल्लं, मग वहिनीचा निरोप आला, मेंढरं राखायला माणूस पायजे. मी गेलो. तेव्हापासून दादाच्या मेंढरांमागं हाय. पोटापुरतं मिळतं, सुमनला महिन्याला धाडतो. दादा माझ्याशी बोलत नाय. मला काही सांगायचं तर वहिनीला सांगतो, मी शेजारीच बसलेला असलो तरी. माझं काही म्हणणं नाय. त्याला उदंड आयुष्य मिळू दे, त्याच्या मेंढरांना लांडगा न लागू दे.

मागल्या आठवड्यात माळावर एक नवा व्यापारी आला. दोन एडक्यांवर हात ठेवून म्हणाला, भाव सांगा, आत्ता बयाना देतो. मी दोन्ही हात पाठीमागं घेतले. म्हणालो, मला इचारू नका, मालकाला फोन लावा. त्यानं लावला, आवाज मोठा ठेवून, म्हणाला, पाव्हणं, तुमचा इथला माणूस भाव सांगंना, नुसता उभाय. मी कान दिला. म्हणलं, आता तरी माझ्याबद्दल काही बोलंल.

दादा म्हणाला, माणूस कुठला, आमचं कुत्रं मेलंय, नवं मिळंपर्यंत त्याला ठिवलाय.