पायऱ्या तीनच

डोळ्यांत थेंब घातल्यामुळे शिवणकाम करणाऱ्या बाई दवाखान्याच्या बाकावर डोळे मिटून बसल्या होत्या. शेजारी एक आजोबा आजींशी बोलत होते.

“नात शर्यतीत सहावी आली. तिला आपली भाषा कळत नाही. इंग्रजीत शाबासकी द्यायचीय गं.”

“मग द्या की. मैदानावर तर ‘यू केम फर्स्ट, यू केम सेकंड’ असं ओरडायचात.”

“थर्डपर्यंतच येतं. पुढचं कधी लागलंच नाही.”

“अहो, चाळीस वर्षं खेळाचे मास्तर होतात ना?”

“बक्षिसाच्या पायऱ्याच तीन. बाकीच्यांना ‘चला, बाजूला व्हा’ म्हणायचो.”

“म्हणा, यू केम सिक्स्थ.”

“यू केम सिक्स... जीभ अडकतेय बघ.”

“अडकू दे. पुन्हा म्हणा.”

“यू केम सिक्स्थ. जमलं!”

“आता ‘यू केम फोर्थ’ पण शिकून घ्या.”

“ते कशाला? ती सहावी आलीय.”

“तिची आई तुमच्याच मैदानावर दर वर्षी चौथी यायची.”

बाक करकरला.

“फोन दे इकडे. आधी लेकीला लावतो.”