दौलतकाकांच्या फळीवरचा रिकामा खिळा

जमलेल्या सर्व वडीलधाऱ्यांना, काकूंना आणि कॉलनीतल्या माझ्या मित्रांना नमस्कार.

मला चारचौघांत बोलता येत नाही. म्हणून लिहून आणलं आहे. तीनदा लिहिलं, तरी वाचताना अडखळेन. सांभाळून घ्या.

मी रमेश. तुमसरला फ्लेक्सच्या दुकानात टायपिंग करतो. दौलतकाकांच्या फोटोमागे लावलेला हा फलक मीच तयार केला. 'श्रद्धांजली' हा शब्द चार वेळा तपासला. काकांच्या फलकावर चूक राहिली असती, तर इथे उभं राहायला मला तोंड उरलं नसतं. तसंही ते आहे का, मला ठाऊक नाही. तेच सांगायला उभा आहे.

काका आपल्या खाणीचे टाइमकीपर. खाली उतरताना प्रत्येकाने खिळ्यावरचा आपला पितळी बिल्ला घ्यायचा. वर आल्यावर तो परत टांगायचा आणि नाव सांगून म्हणायचं, "वर." खिळा रिकामा, म्हणजे माणूस अजून खाली. बाहेरून आलेल्यांसाठी हे सांगतो आहे. कॉलनीतल्या लेकरांनाही हे पाठ असतं.

एकदा माझे बाबा बिल्ला खिशात घेऊन तसेच निघून गेले. शेजारच्या गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा होती आणि त्यांना तिथलं दंडारीचं नाटक बघायची घाई होती. इकडे पाळी सुटली आणि एक खिळा रिकामा. माणसं बाबांना शोधायला खाली उतरली. काका सायकलने आमच्या घरी आले, तिथून मंडईत गेले. बाबा तोंडात पान धरून दंडार बघत होते. काकांनी शिवी दिली नाही. आधी बाबांचा दंड चाचपला आणि म्हणाले, "जिता आहेस ना बाप्पा? मंग दे तो बिल्ला." बाबा ही गोष्ट सांगायचे तेव्हा या वाक्याला थांबायचे. दर वेळी थांबायचे.

भंडारा-गोंदिया जिल्हे वेगळे झाले त्या सुमारास काका निवृत्त झाले. माणसं मोजायची सवय सुटली नाही. एका इंजिनिअर साहेबांनी बदली होऊन जाताना त्यांना इंग्रजी शब्दांची लॅटिन मुळं सांगणारी जाडजूड डिक्शनरी दिली होती. काकांनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून बिल्ले केले. प्रत्येकावर खिळ्याने टोचून इंग्रजी शब्दाचं एकेक तोंड, म्हणजे सुरुवातीचा तुकडा लिहिला. री, प्री, सब्, एक्स, ट्रान्स, इंटर. ओसरीत फळी ठोकली, तिच्यावर बिल्ले टांगले आणि आम्हा मुलांना बोलावलं.

पहिला धडा मला आठवतो. समोरून मॅंगनीजचा ट्रक चालला होता. काका म्हणाले, "त्याच्यावर काय लिवलं आहे, वाच."

"ट्रान्सपोर्ट."

"ट्रान्स म्हंजे पलीकडे. पोर्ट म्हंजे वाहून नेनं. आता तो ट्रक काय करून राहिला?"

"पलीकडे नेऊन राहिला."

"झालं! तुले लॅटिन आलं. जाय, तुह्या मायले सांग."

मी खरंच आईला सांगितलं. ती म्हणाली, "पह्यले पाणी भर, मंग लॅटिन."

एकाने विचारलं होतं, "काका, हे लॅटिन बोलतात कुठी?" काका म्हणाले, "कोणीच नाही बोलत. म्हणून तं चुकलो तरी हासाले कोणी नाही." मित्रांनो, शाळेत उभं राहिलो की माझी जीभ टाळूला चिकटायची. त्या ओसरीत नाही चिकटायची.

नियम खाणीचाच होता. एक बिल्ला न्यायचा. त्याचे पाच शब्द शोधायचे. डिक्शनरीतून नाही, पाटीवर, पुडीवर, गाडीवर, जिथे दिसतील तिथून. मग बिल्ला टांगायचा, नाव सांगायचं आणि म्हणायचं, "वर."

दहावीच्या परीक्षेआधी मी 'इंटर' नेला. इंटर म्हणजे मध्ये, एकमेकांत. इंटरव्हल, इंटरनेट, इंटरनॅशनल, इंटरव्ह्यू. चार झाले. पाचवा शोधत असताना निकाल लागला. मी नापास झालो. बाकीच्या विषयांत नाही. इंग्रजीत.

कोणत्या तोंडाने त्या ओसरीत जाणार होतो? गेलो नाही. शाळाही सुटली. बिल्ला ट्रंकेत राहिला. तुमसरच्या बाजारात काका दिसले की मी गल्ली बदलायचो. एकदा त्यांनी मला पाहिलं. ते सायकलवरून उतरून उभे राहिले. मी वळलो.

मंडळी, मी आज जे पोट भरतो ते काकांच्या त्या पत्र्यांवर. नवा इंग्रजी शब्द आला की मी त्याला मधून उकलून बघतो. मग तो चुकत नाही. मालक म्हणतात, दहावी नापास पोरगं स्पेलिंग कसं काय सांगतं? मी पुढचा शब्द टाइप करतो. काकांचं नाव सांगितलं नाही. एकदाही नाही.

गेल्या महिन्यात सिहोऱ्याकडच्या एका ग्रामपंचायतीचा बोर्ड टाइप करत होतो. गावातल्या रस्त्यावर सिमेंटचे गट्टू बसवण्याचं काम. इंटरलॉकिंग. माझी बोटं थांबली. एकमेकांत अडकलेले. पाचवा! खरं तर आमच्या दुकानासमोर तेच गट्टू आहेत. मी रोज त्यांच्यावरून चालत होतो.

ठरवलं, रविवारी जायचं. त्या रविवारी काम निघालं. पुढच्या रविवारी मनात आलं, इतक्या वर्षांनी काय बोलणार? तिसऱ्या रविवारच्या आधी काका गेले.

मी भेटायला गेलो तेव्हा काकू मला ओसरीत घेऊन गेल्या. फळी तशीच होती. एक खिळा रिकामा. काकू म्हणाल्या, "म्या किती खेपा म्हटलं, दुसरा बिल्ला करून टांगा, वंगाळ दिसते. तं म्हनत, माणूस खाली असताना त्याचा बिल्ला बदलत नसतात. आलेल्या-गेलेल्याले इचारत, तुमसरले रमेश दिसला काय?"

मी चोरासारखा लपत होतो. आणि ते मला शोधत होते. बाबांना शोधलं, तसंच.

काकूंना विचारून ती फळी मी आज इथे आणली आहे. फोटोशेजारी ठेवली आहे. बिल्ला माझ्या खिशात आहे. तो टांगला की आपण सगळे दोन मिनिटं उभे राहू. कोणी काही बोलू नये, ही विनंती.

काका, इंटरलॉकिंग. पाच झाले.

रमेश. वर.