जानेफळचे ब्रेकर

एवढ्या हौसेनं खाली केलेली गाडी वर काऊन घेतली, हे विचारूनच राह्यले तर ऐका बे.

कॉइलओव्हर, म्हंजे रिंग फिरवून गाडीची उंची कमी-जास्त करता येनारे शॉकअप, बसवले तवा चारही शॉकअपच्या रिंगा मी पार खालपर्यंत फिरवल्या. गाडी दिसायले एक नंबर, पण सोबत कोणी बसलं की ब्रेकरवर पोट घासायचं. दर गुरुवारी बाबाले हिवरा आश्रमले न्यायचो. जानेफळच्या हरेक ब्रेकरपाशी म्हनायचो, "बाबा, जरा उतरा." ते गुडघा धरून उतरत, ब्रेकर पायी ओलांडत अन् पुन्हा येऊन बसत. कधी एका शब्दानं बोलले नाहीत. एकदा पानटपरीवरचे लोक हसले, तर त्यांच्यासोबत मीबी हसलो.

मागच्या महिन्यात डॉक्टरनं त्यांच्या गुडघ्याचा एक्स-रे दाखवला. त्या रविवारी दिवसभर गाडीखाली पडून मी चारही रिंगा वर घेतल्या.

गुरुवारी जानेफळ आलं. गाडी हळू झाली तसा बाबानं दाराले हात घातला.

"बसा बाबा, आता उतरा लागत नाही. गाडी वर घेतली."

बाबानं दारावरचा हात काढला.

"काऊन? गिऱ्हाईक आलं का गाडीले?"