द्वारकाबाईंची फेअर वही

मंडळी, आधी एक प्रश्न. एखादा माणूस चूक होईल म्हणून तोंडच उघडत नाही. आपण म्हणतो, "किती नम्र हो!" तर ही नम्रता आहे, की अहंकार आहे?

मागचे काका मान हलवताहेत. कोणत्या उत्तराला हलवली, काका? राहू द्या — शेवटी विचारीन!

ऐका. वऱ्हाडातलं एक तालुक्याचं गाव. तिथं बियाणं तपासायची प्रयोगशाळा. प्रयोगशाळा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं धूर, नळ्या, रंगीत पाणी! तसलं काही नाही. ओल्या कागदावर शंभर दाणे ओळीनं मांडायचे, कागदाची गुंडाळी करायची, उबदार कपाटात उभी ठेवायची. सोयाबीन असेल तर आठव्या दिवशी गुंडाळी उघडायची आणि किती रोपं धड उगवली ते मोजायचं. इतकंच! पण ते बी शेतात जायचं की नाही, हे त्या आकड्यावर ठरतं.

तिथं द्वारकाबाई गावंडे कामाला. बारा वर्षं ट्रे धुतले, फरशी पुसली. धुता धुता नजर तयार झाली. म्हणून वर्षापूर्वी सोयाबीनची नोंदवही त्यांच्या हाती दिली — पण तात्पुरती! वरून तपासणीला मॅडम येणार, त्या द्वारकाबाईंशी स्वतः बोलणार. त्यांना पटलं तर काम कायम. नाही पटलं तर पुन्हा ट्रे, पुन्हा फरशी. आणि मॅडम कुठल्या? केरळच्या! मराठी नाही, हिंदी नाही. इंग्रजी!

झालं! द्वारकाबाई इंग्रजीच्या मागे लागल्या. बियाण्याच्या पाकिटांवरचं वाचू लागल्या. घरी वहीत लिहू लागल्या — पेन्सिलीनं. आणि शेजारी खोडरबर. एक अक्षर चुकलं, पूस! शब्द वाकडा आला, पूस! पुसून पुसून कागदाला भोकं पडली.

आता गंमत बघा. प्रयोगशाळेचा नियम काय? नोंद पेनानंच करायची. चुकली तर खोडरबर नाही, पांढरी शाई नाही. फक्त एक आडवी रेघ — आणि रेघेखालचा चुकीचा आकडा वाचता आला पाहिजे! शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. हा नियम द्वारकाबाईंनी वर्षभर काटेकोर पाळला. प्रयोगशाळेत! घरी मात्र खोडरबर. आपलंही असंच असतं हो. देवळातले नियम देवळात!

त्यांची मुलगी प्रणिता अकरावीत. ती म्हणाली, "आई, तू वाचतं, लिवतं. मंग बोलत काहून नाही?"

"बोललेलं पुसता येते का? लोक हासतीन."

"हासू दे ना मंग!"

"तुले काय जाते सांगाले!"

बोलायचं तर होतंच. मग त्यांनी काय केलं? अकरा प्रश्न काढले, अकरा उत्तरं लिहिली आणि घोकली. प्रयोगशाळेतले थोरले तंत्रज्ञ गुल्हाने साहेब — इंग्रजी बोलायला लागले की पंखासुद्धा थांबून ऐकेल! — ते म्हणाले, "द्वारकाबाई, माझं ऐका. आधी रफ काढायचं, मग फेअर. माझी हरभऱ्याची वही पाहा!" खरंच, वही म्हणजे लग्नपत्रिका! चौदा महिन्यांत एक खाडाखोड नाही.

तपासणीचा दिवस उजाडला. मॅडम आल्या. साधी सुती साडी, नाकावर चष्मा. टेबलाशी बसल्या, सोयाबीनची वही उघडली. द्वारकाबाई मनात अकरा उत्तरं मांडून उभ्या — ओल्या कागदावर दाणे मांडावेत तशी!

आणि मॅडमनी अकरांतला एकही प्रश्न विचारला नाही.

त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. एक्क्याण्णव — त्यावर रेघ. शेजारी शहाऐंशी. खाली द्वारकाबाईंची सही. "हा आकडा का बदलला?"

अहो, प्रश्न बोचरा होता. पण रास्तही होता. आकडा कुणाच्या सांगण्यावरून बदलला असेल तर? द्वारकाबाईंना प्रश्न कळला. उत्तरही ठाऊक होतं. पण घोकलेलं नव्हतं! गुल्हाने पुढं सरसावले, "मॅडम, ॲक्च्युअली..."

मॅडमनी हात वर केला. "नो. शी."

द्वारकाबाईंनी त्या ओळीकडे पाहिलं. ती रेघ. वर्षभर आपणच मारत आलो ती. चुकलेला आकडा तिच्याखाली उघडा पडलेला — आणि त्याची कधी लाज वाटली नव्हती!

त्या बोलल्या. "फिफ्थ डे, आय काउंट..." आणि थबकल्या. चुकलं होतं! पाचवा दिवस नव्हे, आठवा. खोडरबर तर नाही. मग? त्यांनी बोटानं हवेत एक आडवी रेघ ओढली. "नो. एट्थ डे. आय काउंट नाइंटीवन. अप गुड." बोट वर — म्हणजे शेंडा. "देन आय पुल. डाउन..." मूळ कुजलं हे इंग्रजीत सांगता येईना! पुन्हा हवेत रेघ. कपाटातली एक गुंडाळी आणली, उघडली, एक रोप अलगद उचललं. शेंडा हिरवागार, मूळ तपकिरी, बोटाला लागताच गळालं. "लाइक धिस. फाइव्ह. अप गुड, डाउन बॅड. नाइंटीवन — रॉंग. माय मिस्टेक. माय साइन."

कुणी हसलं नाही. मॅडमनी ते रोप चष्म्याजवळ धरलं, बराच वेळ पाहिलं. मग हळूहळू, सोप्या शब्दांत अजून चार प्रश्न विचारले. द्वारकाबाईंनी चारही उत्तरं दिली. हवेत रेघा किती ओढल्या, विचारू नका!

मग मॅडमनी गुल्हान्यांची वही ओढली. चौदा महिन्यांची पानं उलटली. शांतपणे विचारलं, "तुमचं कधीच काही चुकलं नाही?"

"मॅडम, मी चिठ्ठीवर रफ काढतो. संध्याकाळी फेअर."

"रफ चिठ्ठ्या कुठे आहेत?"

"त्या... टाकून देतो."

"मग मी तपासू काय?"

मंडळी, मॅडम ओरडल्या नाहीत. पण इतकं चांगलं इंग्रजी येणारा माणूस आपली लग्नपत्रिका हळूच मिटून घेऊ लागला! त्या दिवसापासून गुल्हान्यांनाही पहिली नोंद थेट वहीत करावी लागली. आणि सोयाबीनची वही द्वारकाबाईंकडे कायम झाली.

घरी येऊन त्यांनी खोडरबर प्रणिताच्या हातावर ठेवलं. "घे, तुह्या चित्राले."

"आई, बोलली तू? चुकलं?"

"चुकलं ना! लय चुकलं!" आणि हसल्या.

तर आता काका, सांगा. चूक दिसू नये म्हणून गप्प बसणं ही नम्रता का? ज्याला आपला प्रत्येक शब्द लग्नपत्रिकेसारखा हवा, तो नम्र कसला? देवानं दिलेला दिवस पेनानंच लिहावा लागतो, मंडळी. त्याची फेअर काढायला दुसरा दिवस मिळत नाही. चुकला तर एक रेघ, खाली सही — आणि पुढची ओळ!

आणि मला एक सांगा, मघाशी भजनाच्या वेळी किती जणांचे नुसते ओठ हलत होते? मला इथून सगळं दिसतं! सूर चुकेल म्हणून ना? पेटीवाले, धरा सूर. म्हणा रामनाम — आवाज काढून म्हणा. चुकला तर बोट वर करा, हवेत एक रेघ ओढा...

हां काका, पहिले तुम्ही!